लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही

त्या तळ्यात अजून पाण्याचा थेंब नव्हता, पण शिवमूर्ती गुरुजी त्याच्या तळाशी बसून शिकवत होते.

हे कोडं वाटेल, म्हणून आधीच उलगडून सांगितलेलं बरं. उदगीरहून देवणीकडं जाताना दोन बोडक्या टेकड्यांच्या मधल्या खोलगटात दुष्काळी कामावर पाझर तलाव बांधणं चालू होतं. पाझर तलावातलं पाणी साठवून वापरायचं नसतं. ओढ्याला बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि ते सावकाश जमिनीत मुरू द्यायचं, म्हणजे खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतो. बांध अर्ध्यावर आला होता. पावसाचा मात्र पत्ता नव्हता. उस्मानाबादपासून वेगळा होऊन नवा लातूर जिल्हा झाला आणि पुढच्याच साली पावसानं तोंड फिरवलं. कामावरच्या बायका म्हणायच्या, "त्याला कुणी सांगितलंच न्हाई जिल्हा बदलला म्हणून. बसला असंल उस्मानाबादला आपलं नाव हुडकत."

तर त्या होणाऱ्या तळ्याच्या पोटात एक जुनी बाभूळ होती आणि बाभळीखाली गुरुजींची शाळा. गुरुजी कधीच रिटायर झाले होते. गावातली खरी शाळा उघडी होती, मास्तरही वेळेवर यायचे, पण पोरं आईबापांमागं कामावर गेलेली. रिकाम्या वर्गाशेजारून जाताना गुरुजींचे पाय दारापाशी थांबायचे. मग एक दिवस खांद्याला पडशी अडकवून, पडशीत फुटक्या पाट्या आणि खडू घालून तेही पोरांच्या मागं माळावर आले. कुणी या म्हटलं नव्हतं, कुणी जा म्हटलं नाही.

सकाळच्या गार वेळी शाळा भरायची. पोरांची डोकी तेव्हा ताजी असतात, सांगितलेलं पटकन आत जातं. ऊन वर आलं की समोरचा मुरूम हलायला लागायचा. झळा उठायच्या, टेकड्या तरंगायच्या. बांधावर खडी फोडणाऱ्या हातोड्यांचा आवाज लांबून, जाड होऊन कानावर यायचा. अशा वेळी गुरुजींना वाटायचं, तळं भरलेलंच आहे. पाणी डोक्यावरून संथ हलतंय आणि आपण सगळे खाली बसून बाराखडी म्हणतोय. एकदा त्यांनी पोरांना हे सांगितलं, तर पोरांनी लगेच हात पंखांसारखे हलवले, गाल फुगवले आणि बाभळीभोवती मासे होऊन फिरायला लागली. खडी फोडणाऱ्या महानंदाची विशाखा सगळ्यांच्या पुढं होती. ती सातआठ वर्षांची, काटकुळी पोरगी. पाढे तिला गाण्यासारखे यायचे.

या कामावर बैठक कशी सुरू झाली, तेही सांगायला हवं.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब आले होते. जाताना म्हणाले, "तुमच्या अडचणी तुम्हीच बसून बोला. विषयही तुम्हीच काढा. काय बोलणं झालं ते लिहून आमच्याकडं पाठवा." मग सोमवार ठरला. त्या दिवशी लिंगायतांच्या घरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून सोमवारी कामही अर्ध्या दिवसानं थांबायचं. ज्याला विषय मांडायचा असेल त्यानं उपड्या घमेल्यावर बसायचं, बाकीच्यांनी भोवती. घमेलं सगळ्यांना सारखंच, त्यावर गादी नाही की लोड नाही.

पहिल्या बैठकीला लिहायचं काम मुकादम ईश्वरप्पानं केलं. अक्षर चांगलं होतं त्याचं. शेवटी त्यानं घसा साफ करून वाचून दाखवलं. "ईश्वरप्पा यांनी सावलीची अडचण सांगितली. ईश्वरप्पा यांनी हातोड्यांचे दांडे बदलावेत असे सुचवले. ईश्वरप्पा यांनी सर्वांचे आभार मानले."

पार्वतम्मा म्हणजे कामावरची सगळ्यात जुनी खडीवाली. तिला सगळे अव्वा म्हणायचे. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! आन आमी काय शेंगा फोडाया बसलो होतो व्हय? दांड्याचं म्या बोलले की रे, भाड्या!"

"अव्वा, लिहिताना ज्याचं त्याचं नाव कुठं ध्यानात राहतं?" ईश्वरप्पा कान खाजवत म्हणाला.

"सोताचं बरं ऱ्हायलं!"

सगळा माळ हसला. ईश्वरप्पाही हसला, पण कागद फाटला आणि नियम झाला. लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही. त्यानं नुसते कान व्हायचं. बोलायचंच असेल तर पेन्सिल दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि मग त्या दुसऱ्यानं गप्प बसायचं. शेवटी सगळं वाचून दाखवायचं. ज्याचं बोलणं असेल त्यानं "हाव" म्हणायचं, तेव्हाच कागद लातूरला जायचा.

तेव्हापासून पेन्सिल गुरुजींकडं होती. आयुष्यभर बोलण्याचीच भाकरी खाल्लेला माणूस, पण गप्प बसून लिहिणं त्यांना असं काही मानवलं की सोमवारची ते वाट बघायचे. तोंड मिटलं की कान मोठे होतात. एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्यात मिसळायचं, मधेच कुणाचं लेकरू रडायचं, लांब घार ओरडायची, आणि त्या सगळ्यातून एकेक वाक्य आपसूक पेन्सिलीच्या टोकाशी येऊन थांबायचं. गुरुजींना झोप आणि जाग यांच्या मधे कुठंतरी बसल्यासारखं वाटायचं. पुढच्या सोमवारी ईश्वरप्पा विषय मांडायला स्वतः घमेल्यावर बसला, तेव्हा त्याचंही सगळं त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं.

अशाच एका सोमवारी महानंदा घमेल्यावर येऊन बसली. ईश्वरप्पा त्या दिवशी हातोड्यांचे दांडे आणायला उदगीरला गेला होता.

महानंदा बौद्धवाड्यातली. सातवीपर्यंत शिकलेली, तीही गुरुजींच्याच हाताखाली. तिच्या लुगड्यावर, भुवयांवर दगडाची पिठी बसलेली होती, त्यामुळं ती बोलायला लागली तेव्हा एखादी मूर्तीच बोलल्यासारखी दिसली.

"माझा विषय पाण्याचा हाय," ती म्हणाली. "टँकर आजकाल दोन दिवसांआड येऊन राहिला. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायला म्हाताऱ्या जातात. गेल्या हप्त्यात सरजाबाई डोक्यावरच्या हंड्यासकट पडली. हात मोडला तिचा. आपुन खडीवरनं उठलो तर काम बुडतं. म्हणून माझं म्हणणं हाय, मोठ्या पोरींनी जावं. सकाळच्या गार वख्ताला."

सकाळच्या गार वख्ताला.

गुरुजींची पेन्सिल तिथंच थांबली. सकाळ म्हणजे शाळा. मोठ्या पोरी गेल्या की अर्धी शाळा गेली, आणि त्यांच्या कडेवरची धाकटी भावंडं गेली की उरलेली निम्मी. इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलं होतं, पोरीच्या डोक्यावर एकदा हंडा चढला की तो उतरत नाही. दुष्काळ सरतो, पाऊस येतो, पण पोरगी वर्गात परत येत नाही. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. ओठ उघडलेही. पण सगळ्या बायका त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडं बघत होत्या.

"गुरुजी," पार्वतम्मा म्हणाली, "तोंडाशी आलंय काय तरी. बोलायचंय का?"

गुरुजींनी होकाराची मान हलवली.

"मंग पेन्सिल द्या कुणाकडं तरी."

कुणाकडं? गुरुजींनी भोवती बघितलं. ईश्वरप्पा नव्हता. बाकी कुणाला अक्षर येत नव्हतं. लिहू शकणारं माणूस एकच होतं, ते घमेल्यावर बसलेलं. महानंदाच्याही ते ध्यानात आलं. ती हात पुसत उठली आणि गुरुजींच्या हातून कागद नि पेन्सिल घेऊन खाली बसली. घमेलं रिकामं झालं. गुरुजी त्यावर बसले.

आणि मग बोलले. काय बोलले! तीस वर्षं शिकवून घडलेला आवाज. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, वरच्या पट्टीत गेले नाहीत. कोणती पोरगी काल पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून किती वेळ त्याकडंच बघत बसली, कोणता पोरगा दगडांचे ढीग बघून गुणाकार करतो, ते सांगितलं. म्हणाले, "उद्या हे तळं भरेल. बांध तुमचा असेल, पण त्याची मोजणी, त्याचे कागद वाचायला तुमचंच कुणी नको का? सकाळ तेवढी पोरांची राहू द्या. बाकी दिवस तुमचा." ऊन उतरलं होतं. बायका हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. एकीनं पदरानं डोळे टिपले. एकजण म्हणाली, "खरं हाय गुरुजींचं." दुसरी म्हणाली, "हाव."

"आजून कुणाला बोलायचंय?" पार्वतम्मानं विचारलं.

 वाऱ्यानं मुरमाची एक भोवरी उठवली, ती बांधाच्या टोकापर्यंत गेली आणि विरली. गुरुजींच्या मनात आलं, झालं, शाळा वाचली. सुखावून त्यांनी मान वळवली आणि त्यांना महानंदा दिसली.

ती खाली मान घालून लिहीत होती. 'गुरुजी म्हणाले' असं लिहून पुढं त्यांचा शब्दन् शब्द ती मांडत होती. काहीही गाळत नव्हती. खडी फोडून सुजलेली बोटं, पण अक्षर तेच, त्यांनी कधीकाळी धूळपाटीवर गिरवून घेतलेलं. ओठ मात्र तिनं आत ओढून घट्ट मिटले होते. बोलायचं होतं तिला. पण हातात पेन्सिल होती.

गुरुजी त्या मिटल्या ओठांकडं बघत राहिले. सगळा माळ गप्प होता, कारण ज्या एका बाईला उत्तर द्यायचं होतं तिच्या हातात त्यांनी स्वतःच पेन्सिल दिली होती. नियमानंच दिली होती, त्यात खोट काही नव्हती. आता ते नुसते "झालं" म्हणाले असते, तरी कागद वाचून झाला असता, 'हाव' आलं असतं, आणि उद्या सकाळी शाळा भरली असती. शाळा हवीच होती त्यांना. पाण्याशिवाय माणूस जितकं तडफडेल तितकी हवी होती.

ते घमेल्यावरून उठले. "महानंदा, पेन्सिल दे इकडं."

"तुमचं झालं बोलून?"

"माझं झालं. तुझं राहिलंय."

तिनं मान वर केली. पिठीनं पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यात डोळे तेवढे काळे. पेन्सिल देताना तिची बोटं थोडी रेंगाळली. "बघा हं गुरुजी. म्या बोलले तर गोड न्हाई बोलणार."

"मी लिहिणार आहे. चाखणार नाही."

पार्वतम्मा खदाखदा हसली. "बस गं पोरी घमेल्यावर. तुझ्यासाठीच उठले ते."

महानंदा बसली. "गुरुजींनी मला शिकवलं," ती म्हणाली, "आन त्याचा मला कधी पस्तावा न्हाई. पण परवा माझी विशाखा पाटीवर भोवळ येऊन पडली. का पडली? तहान. सकाळपासून घोटभर पाणी न्हाई पोटात. गुरुजी म्हणतात पोरगी नावाकडं बघत बसती. माझी पोरगी रिकाम्या घागरीकडं बघत बसती. अक्षर वाईट हाय असं म्या म्हणत न्हाई. पण तहानलेल्या लेकराला ते दिसतच न्हाई, तर करायचं काय?"

गुरुजी लिहीत होते. 'तहानलेल्या लेकराला ते दिसतच न्हाई.' परवा विशाखा आडवी झाली तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरीला डुलकी लागली. त्यांनी तिच्या तोंडावर टोपीनं वारा घातला होता. पाणी विचारलं नव्हतं. पेन्सिल कागदावर जरा जड झाली, पण थांबली नाही.

"आता याला गुरुजींचं उत्तर काय?" कोणीतरी विचारलं.

गुरुजींच्या हातात पेन्सिल. सगळ्या त्यांच्याकडं बघायला लागल्या.

"थांबा," महानंदा म्हणाली. "त्यांचं म्या बोलते." ती घमेल्यावरच जराशी डावीकडं सरकली, पाठ ताठ केली, पदराचं टोक उपरण्यासारखं खांद्यावर टाकलं आणि गुरुजींसारखा घसा साफ केला. बायका फिस्सकन हसल्या. "बायांनो," ती म्हणाली, "पाणी आणावंच लागेल, हे खरं. पण ते पोरींनीच का? डोकं पोरांना नाही का? हंडा काय नाव विचारून डोक्यावर बसतो?"

हसू थांबलं. एका पोराची आई फणकारली. "पोरगं हंडा घेऊन जाईल? लोक हासतील की वं!"

"हासू दे," पार्वतम्मा म्हणाली. "हासायला आधी तोंड तरी ओलं पाहिजे."

महानंदा उजवीकडं सरकली, पदर खाली घेतला. आता ती महानंदा होती. "बरं, पोरंबी जातील. पण सकाळच लागंल. उन्हात झिऱ्याची वाट चटका देती."

पुन्हा डावीकडं, पदर खांद्यावर. "मग सगळी एका दिवशी नकोत. निम्मी आज, निम्मी उद्या. आणि पाणी आणून झाल्यावर दुपारी शाळा. दुपारी तुम्ही भाकरीला बसता, तेव्हा."

पुन्हा उजवीकडं. "दुपारी बाभळीखाली भट्टी असती, गुरुजी."

डावीकडं सरकून तिनं पदर पुन्हा खांद्यावर नीट केला. गुरुजींच्या आवाजात तिला काहीतरी शोधावं लागत होतं. "असते," ती हळू म्हणाली. "पण चालवू."

गुरुजी लिहीत राहिले. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना पुन्हा ते झोप आणि जाग यांच्या मधलं वाटलं. घमेल्यावर दोन माणसं बसली होती आणि त्यातले एक ते स्वतःच, तरुण, पदर घेतलेले. तिचं बोलणं त्यांच्यापेक्षा कमी नव्हतं. कुठं कुठं बरंच होतं. 'पोरींनीच का' हे त्यांना सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी कागद वाचला गेला. प्रत्येक ओळीला ज्याचं त्यानं 'हाव' म्हटलं. गुरुजींच्या तोंडची वाक्यं आली तेव्हाही महानंदानंच 'हाव' म्हटलं, तर पार्वतम्मानं अडवलं. "ती गुरुजींची हायेत. त्यांना म्हणू दे." पेन्सिल खाली ठेवून गुरुजी म्हणाले, "हाव." बैठकीत त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीखाली धाकटी तेवढी आली. मोठ्यांपैकी निम्मी पोरं रांगेनं झिऱ्याच्या वाटेला लागली होती, उरलेल्यांची शाळा आता दुपारीच, म्हणून ती खडीवर आईच्या हाताखाली होती. पोरांपैकी एकानं हंडा डोक्याऐवजी काखेत घेतला होता आणि चारचौघांत दिसू नये म्हणून तो सगळ्यांत मागं चालला होता. विशाखाला पुढं घालून रांग टेकडीच्या वळणापाशी आपल्याच पायांच्या धुळीत शिरली, पाय आधी पुसट झाले, मग हंडे नुसतेच हवेत हलत गेले. गुरुजी बघत राहिले. गारवा फुकट चालला होता. धाकट्यांना त्यांनी चित्रं काढायला लावली. त्यांचं मन मात्र लागेना.

दुपारी बाभूळ खरंच तापली. बायकांच्या हातोड्या थांबल्या होत्या, शिदोऱ्या सुटल्या होत्या. पाणी आलं होतं. हंड्यांभोवती ओलसर काळी वर्तुळं पडली होती आणि त्यांवर चिमण्या उतरल्या होत्या. पोरं पोटभर प्याली, शाळेत येऊन बसली, आणि एकेक करून झोपली. आधी तो काखेत हंडा नेणारा. मग दुसऱ्या दोघी. विशाखा शेवटपर्यंत जागं राहायचा प्रयत्न करत होती, पापण्या बोटांनी उघड्या धरत होती, पण तिचंही डोकं पाटीवर टेकलं.

"गुरुजी, ह्या झोपल्या!" एक धाकटा ओरडला. "उठवू?"

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं. महानंदाही भाकरी हातात घेऊन बांधावरून बघत होती. ती उठून यायला निघाली, पण गुरुजींनी हात हलवला तशी तिथंच थांबली.

"आपण आज हळू म्हणायचं," गुरुजी पोरांना म्हणाले. "इतकं हळू, की झोपलेल्याला ऐकू येईल पण जाग येणार नाही."

पोरांना हा नवा खेळ वाटला. ती जवळ सरकली, डोक्याला डोकं लावून बसली. पाढे सुरू झाले, कुजबुजीत. सात एके सात. सात दुणे चौदा. वाळल्या पानांत वारा फिरावा तसा आवाज. बांधावरच्या बायका घास तोंडाशी धरून थबकल्या, हे काय आहे म्हणून ऐकायला लागल्या. पार्वतम्मानं डोळे मिटून घेतले आणि बघता बघता ती पण पेंगायला लागली.

सात त्रिक एकवीस. सात चोक...

झोपलेल्या विशाखाचे ओठ हलले. गुरुजी वाकले. "सत्तावीस," ती झोपेत पुटपुटली, समाधानानं, आणि कूस बदलली.

धाकटा हसायला लागला. चुकलं म्हणून सांगायला त्यानं तोंड उघडलं. गुरुजींनी हलकेच त्याच्या तोंडावर हात ठेवला. पोरीच्या गालावर पाटीची रेघ उमटली होती, ओठ ओले होते. इतक्या वर्षांत त्यांनी एकही चुकलेलं उत्तर तसंच जाऊ दिलं नव्हतं.

"पुढं," ते कुजबुजले. "सात पंचे?"